दोन कटांच्या मधलं शरीर

पाठदुखीच्या रुग्णाचा सीटी स्कॅन डॉक्टर संगणकावर उघडतात. डाव्या चौकटीत आडवे कट दिसतात: मधोमध मणक्याचं हाड, भोवती स्नायू, पुढे आतडी. उजव्या चौकटीत तोच कणा बाजूने दिसतो, एकाखाली एक मणके, त्यांच्या मधल्या चकत्या आणि मागून जाणारी मज्जारज्जूची नळी. रुग्णाला समजावताना डॉक्टर बहुधा या उजव्या चित्रावरच बोट ठेवतात, कारण ते कुणालाही पटकन कळतं. पण ते चित्र यंत्राने घेतलेलंच नसतं. सीटीचं यंत्र रुग्णाभोवती फिरतं आणि आडवे छेद देतं. बाजूचं, समोरचं, तिरकं, जबड्याच्या कमानीला धरून वळवलेलं असं बाकी सगळं त्या आडव्या छेदांतल्या आकड्यांवरून संगणक नंतर मांडतो. त्यातले बरेचसे आकडे कुणी मोजलेले नसतात. मोजलेल्या दोन आकड्यांच्या मधे काय असावं, याचा तो हिशेबाने बांधलेला अंदाज असतो.

या अंदाजाला इंटरपोलेशन म्हणतात. त्याच्या जोरावर सगळं चित्र नव्या मापाच्या जाळीवर पुन्हा मांडणं म्हणजे रीसॅम्पलिंग. अवयवाचं आकारमान काढणं, पेट स्कॅन सीटीवर बसवणं, मेंदूच्या संशोधनात शेकडो माणसांचे मेंदू एका साच्यात आणणं, कवटीच्या तुकड्याचं त्रिमितीय प्रिंटिंग, यातलं काहीही करायचं तर आधी ही पायरी येते. ती एका बटणाने उरकते, म्हणून तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

सपाट चित्रातला सर्वांत लहान घटक पिक्सेल. त्याला जाडी दिली की व्हॉक्सेल. सीटीच्या एका छेदात सहसा ५१२ बाय ५१२ पिक्सेल असतात. २५० मिलिमीटर रुंदीचा भाग त्यात बसवला, तर एक पिक्सेल जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा होतो. छेदाची जाडी मात्र नेहमीच्या तपासणीत ५ मिलिमीटर असू शकते. म्हणजे व्हॉक्सेल रुंदीच्या दहापट उंच. काडेपेटीतल्या काड्या उभ्या करून एकमेकींना चिकटून रचाव्यात, तसं शरीर त्यात साठवलेलं असतं. वरून पाहिलं तर बारीक नक्षी, बाजूने पाहिलं तर लांब पट्ट्या. अशा पट्ट्यांवरून कण्याचं बाजूचं चित्र जसंच्या तसं मांडलं, तर मणक्यांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तुटक येतात.

सुरुवातीला तर हे फारच ढोबळ होतं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयात सीटी यंत्राने पहिल्यांदा रुग्णाचा मेंदू पाहिला. ईएमआय कंपनीतले अभियंते गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांनी ते यंत्र बनवलं होतं. त्याचं चित्र ८० बाय ८० घरांचं होतं. एक घर ३ मिलिमीटरचं आणि छेदाची जाडी १३ मिलिमीटर. तरीही कपाळामागच्या भागातली गाठ त्यात दिसली, आणि १९७९ मध्ये ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर हाउन्सफिल्ड यांना नोबेल मिळालं. सीटीच्या आकड्यांना आजही त्यांचंच नाव आहे. हाउन्सफिल्ड मोजपट्टीवर पाणी ०, हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १०० ते उणे ५०, यकृतासारखे मऊ अवयव पन्नासच्या आगेमागे आणि घट्ट हाड हजार किंवा त्याहून वर.

लांबुडके व्हॉक्सेल किती छळतात हे कळायला अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्प पाहावा. देहदान केलेल्या एका पुरुषाचं गोठवलेलं शरीर मिलिमीटर-मिलिमीटरने तासून प्रत्येक थराचं छायाचित्र घेतलं गेलं. असे १,८७१ थर झाले आणि ही माहिती १९९४ मध्ये खुली झाली. छायाचित्रातला पिक्सेल ०.३३ मिलिमीटरचा, पण थर एक मिलिमीटरचा, म्हणजे व्हॉक्सेल रुंदीच्या तिप्पट उंच. पुढच्या वर्षी स्त्रीदेहाची माहिती आली, तेव्हा थराची जाडीच ०.३३ मिलिमीटरवर आणली होती. हेतू हा की व्हॉक्सेल घनाकार व्हावा, म्हणजे त्रिमितीय प्रतिमा बनवणाऱ्यांना मधलं काही अंदाजाने भरावं लागू नये. त्यासाठी थर पाच हजारांवर गेले आणि साठवण कितीतरी वाढली. मृतदेहाच्या बाबतीत हे परवडतं. जिवंत माणसाचे तितके बारीक छेद घ्यायचे तर एक्स-रेचा मारा वाढतो किंवा चित्रात खरखर वाढते. एमआरआयमध्ये वेळ वाढतो, आणि त्या बोगद्यात अर्धा तास न हलता पडून राहणं कसं असतं हे ज्याने केलंय त्यालाच विचारावं. म्हणून मधली जागा गणितानेच भरायची.

ती भरायची कशी? दोन छेद ५ मिलिमीटर अंतरावर आहेत असं धरू. वरच्या छेदात एका जागी ४० आहे, खालच्या छेदात नेमकी त्याच जागी २४०. वरच्यापासून २ मिलिमीटर खाली किती असेल? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जवळच्या शेजाऱ्याचा आकडा उचलायचा: ४०. दुसरा मार्ग सरळ रेषेचा. अंतर दोन-पंचमांश कापलंय, तर फरकातलेही दोन-पंचमांश घ्यायचे: ४० अधिक ८०, म्हणजे १२०. तीन दिशांना हेच केलं की नवा बिंदू ज्या चौकोनी खोक्यात पडतो, त्याच्या आठ कोपऱ्यांचे आकडे जवळिकीच्या प्रमाणात मिसळले जातात. याला ट्रायलिनिअर म्हणतात, आणि जगातल्या बहुतेक स्कॅन पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज हीच पद्धत चालते.

यात मोजलेलं किती आणि भरलेलं किती, तेही पाहू. ५ मिलिमीटरचे १०० छेद म्हणजे सुमारे २ कोटी ६२ लाख आकडे. त्यांचे १ मिलिमीटरचे ५०० छेद केले की आकडे होतात १३ कोटी १० लाख. दर पाचातला एक जुना, बाकीचे चार मधे घातलेले. पडद्यावर ते वेगळ्या रंगात दिसत नाहीत.

मोजलेल्या दोन आकड्यांच्या मधे सरळ रेष ओढणं फार जुनं आहे, बॅबिलोनच्या ज्योतिषांनाही ते येत होतं. निसर्ग सहसा सरळ रेषेत चालत नाही, म्हणून खरी मेख ती रेष वाकवायची कशी, यात आहे. त्यावरचं एक सुंदर उत्तर ब्रह्मगुप्ताच्या इ. स. ६६५ च्या ‘खण्डखाद्यक’ ग्रंथाच्या परंपरेत सापडतं. (‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ असं सांगणाऱ्या फॉरवर्डांचा मला कंटाळा आहे, पण इथे गणित समोर मांडता येतं, तेव्हा मांडतो.) तिथे त्रिज्या १५० धरून १५-१५ अंशांच्या अंतराने ज्या, म्हणजे आजच्या भाषेत साइन, दिल्या आहेत. लागोपाठच्या ज्यांमधले फरक ३९, ३६, ३१, २४, १५ आणि ५. म्हणजे ३० अंशांची ज्या ७५ आणि ४५ अंशांची १०६. आता ४० अंशांची हवी. सरळ रेषेने ७५ अधिक ३१ चे दोन-तृतीयांश, ९५.६७. खरं उत्तर ९६.४२ आहे. ब्रह्मगुप्त म्हणतो, पुढचा फरक ३१ नुसता घेऊ नका, मागचा ३६ ही बघा. वाढ मंदावते आहे, ती किती वेगाने मंदावते तेही हिशेबात धरा. दोन्ही फरकांची सरासरी घ्यायची आणि जितकं अंतर कापलं त्या प्रमाणात दोहोंच्या अर्ध्या फरकाने ती सुधारायची. ३३.५ मधून १.६७ वजा केले, उरलेल्याचे दोन-तृतीयांश ७५ मध्ये मिळवले, की येतात ९६.२२. चूक एका झटक्यात पाऊणवरून पाव भागाखाली आली.

पुढे भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त हाच नियम त्रिज्या १२० आणि १०-१० अंशांच्या कोष्टकासाठी बसवून दिला. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ काढल्याची नोंद आहे. या नियमाचे धडे तिथे घोकले गेले असतील, असं मानायला मला आवडतं.

आजची क्युबिक पद्धत याच वाटेने जाते: नव्या बिंदूच्या लगतचे दोन आकडे पाहायचे, शिवाय त्यांच्या पलीकडचे दोनही पाहायचे. रॉबर्ट कीज यांनी १९८१ मध्ये प्रतिमांसाठी मांडलेल्या आणि आजही सर्रास वापरल्या जाणाऱ्या सूत्रात, बरोबर मध्यबिंदूवर जवळच्या दोघांना प्रत्येकी ९/१६ वजन मिळतं आणि लांबच्या दोघांना उणे १/१६. तिन्ही दिशांना मिळून आठाऐवजी चौसष्ट शेजारी लागतात. चित्र ट्रायलिनिअरपेक्षा टवटवीत येतं, कडा धुरकट होत नाहीत.

पण ते ‘उणे’ नीट पाहायला हवं. पाण्यासारख्या द्रवाशेजारी घट्ट हाड सुरू होतं अशी जागा घ्या. ओळीने आकडे आहेत ०, ०, ०, १०००. मधल्या दोन शून्यांच्या मध्यावर काय आहे? डोळ्यांना दिसतंय की शून्य. सरळ रेषही शून्य म्हणते. क्युबिक म्हणते उणे ६२.५. हाउन्सफिल्ड मोजपट्टीवर उणे ६२ म्हणजे चरबी! द्रव आणि हाड यांच्यामध्ये चरबीचा एक पातळ थर नुसत्या वजाबाकीतून उगवला. हाडाच्या बाजूला उलटं होतं: ०, १०००, १०००, १००० यांच्या मध्ये येतं १०६२.५, म्हणजे कोणत्याही मोजलेल्या हाडापेक्षा घट्ट हाड. खुब्याच्या कृत्रिम सांध्याजवळ धातूचा आकडा ३००० च्या घरात असतो. तिथे हाच खड्डा उणे १८७ पर्यंत जातो. डॉक्टर नुसतं पाहत असतील तर त्यांना कडेला एक बारीक काळी रेघ दिसेल आणि ते ती सोडून देतील. चरबीचं आकारमान मोजणारा प्रोग्रॅम सोडून देणार नाही. सरळ रेषेची पद्धत कितीही धुरकट असली तरी दोन आकड्यांच्या बाहेर कधी जात नाही, हा तिचा गुण अशा वेळी कळतो.

मग आदर्श पद्धत कोणती? कागदावर ती आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, मूळ वस्तूतला सर्वांत बारीक तपशील नमुन्यांच्या अंतराच्या दुपटीपेक्षा मोठाच असेल, तर नमुन्यांवरून मूळ वस्तू जशीच्या तशी परत मिळते. त्यासाठी मात्र दोन्ही बाजूंना अनंत नमुने लागतात, आणि शरीरात हाडाची कड तर सुरीने कापल्यासारखी असते. म्हणून व्यवहारात लँकझॉस, स्प्लाइन वगैरे तडजोडी चालतात, आणि त्यातली कोणती चांगली यावर तज्ज्ञ मंडळी हिरिरीने भांडतात. माझ्या मते आकडा कशाचा आहे हे आधी विचारावं, पद्धत नंतर निवडावी.

कारण काही आकड्यांची सरासरी काढणंच मुळात निरर्थक असतं. यकृत कुठे, मूत्रपिंड कुठे हे रंगवून ठेवलेला नकाशा घ्या. सोयीसाठी यकृताच्या व्हॉक्सेलना १, प्लीहेच्या २ आणि मूत्रपिंडाच्या ३ असा क्रमांक दिलाय. यकृत आणि उजवं मूत्रपिंड एकमेकांना लागून असतात. हा नकाशा कुणी सवयीने ट्रायलिनिअरने बदलला, तर त्या दोघांच्या सीमेवर १ आणि ३ ची सरासरी येते २, आणि पोटाच्या उजव्या बाजूला प्लीहेची एक पट्टी तयार होते. प्लीहा असते डावीकडे. असल्या नकाशाला ‘जवळचा शेजारी’ हीच पद्धत लावायची, असा या क्षेत्रातला पहिला धडा आहे. तरीही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही उजवी प्लीहा अधूनमधून भेटते.

जवळच्या शेजाऱ्याने क्रमांक शाबूत राहतात, पण आकार पायऱ्यापायऱ्यांचा होतो. यावर राया आणि जयराम उडुपा यांनी १९९० मध्ये फार देखणी युक्ती मांडली. एका छेदात गाठ १० मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ आहे, पुढच्या छेदात ४ मिलिमीटर त्रिज्येचं. मधे ती ७ ची असावी हे कुणीही सांगेल. पण आत १, बाहेर ० असे आकडे घालून सरासरी काढली, तर दोन वर्तुळांच्या मधल्या कड्यात सगळीकडे अर्धा येतो. अर्ध्याला आत धरा, मधलं वर्तुळ १० चं होईल. बाहेर धरा, ४ चं होईल. सात काही मिळत नाही. त्यांनी आत-बाहेर हा आकडाच बदलला. प्रत्येक जागी लिहायचं, कड इथून किती दूर आहे: आत असेल तर अधिक, बाहेर असेल तर उणे. केंद्रापासून ७ वर पहिल्या छेदात अधिक ३ येतात, दुसऱ्यात उणे ३. सरासरी शून्य. शून्य म्हणजे कड. सात मिळाले! रेडिओथेरपीच्या नियोजनात डॉक्टर गाठीची कड काही छेद सोडून-सोडून आखतात आणि मधले छेद सॉफ्टवेअरकडून भरून घेतात, तिथे अशाच जातीचं गणित उपयोगी पडतं.

आतापर्यंत चित्र बारीक करण्याबद्दल बोललो. मोठं चित्र लहान करणं त्याहून सोपं वाटतं: चारातला एक आकडा ठेवायचा, बाकीचे टाकायचे. इथेच जास्त फसगत होते. मणक्याच्या आतलं हाड जाळीदार असतं, रक्तवाहिनीत बसवलेल्या स्टेंटची तारही जाळीचीच. अर्ध्या मिलिमीटरच्या चित्रात ही जाळी दिसते. त्यातला दर चौथा व्हॉक्सेल उचलून २ मिलिमीटरचं चित्र केलं, की कधी तारेवरचा आकडा हाती येतो, कधी भोकातला, आणि त्या अनियमित उचलण्यातून नवीनच जाड पट्ट्या दिसू लागतात, ज्या शरीरात कुठेच नसतात. टीव्हीवरच्या निवेदकाच्या बारीक रेघांच्या शर्टावर लाटा उठतात, तो हाच प्रकार. उपाय म्हणजे आधी चित्र नेमकं हवं तितकं मऊ करायचं आणि मग आकडे उचलायचे. बारीक तपशील जाणारच आहे, तो रीतसर घालवायचा, नाहीतर तो सोंग बदलून परत येतो. काही सॉफ्टवेअर हे आपोआप करतात, काही करत नाहीत, आणि बटणावर दोन्हीकडे ‘रीसाइझ’च लिहिलेलं असतं.

पद्धत अचूक निवडूनही घोटाळा होतो तो जागेचा. स्कॅनच्या फाइलमध्ये, म्हणजे डायकॉममध्ये, छेदाची जाडी लिहिलेली असते आणि प्रत्येक छेदाचं अवकाशातलं स्थानही. हे दोन आकडे वेगळे असतात. ५ मिलिमीटर जाडीचे छेद दर अडीच मिलिमीटरला, एकमेकांवर चढलेले असू शकतात. जाडीलाच अंतर समजून आकारमान काढलं, तर यकृत दुप्पट भरतं. एमआरआयमध्ये उलट: ५ मिलिमीटरचा छेद, मग १ मिलिमीटर मोकळी जागा, मग पुढचा छेद. त्या मोकळ्या पट्टीतून काही मोजलेलंच नसतं. डोक्याच्या सीटीत डोळ्यांचं भिंग किरणांपासून वाचावं म्हणून यंत्राची कमान तिरकी करण्याची पद्धत आहे. सॉफ्टवेअरने तो तिरकेपणा वाचला नाही, तर पत्त्यांचा जोड ढकलल्यासारखं कलतं डोकं तयार होतं.

याहून चिवट चूक अर्ध्या व्हॉक्सेलची. व्हॉक्सेलचा आकडा त्याच्या कोपऱ्याचा की मध्याचा? संगणक-चित्रकलेतले एक आद्य पुरुष ॲल्व्ही रे स्मिथ यांनी १९९५ मध्ये एक टिपणच लिहिलं, ज्याच्या शीर्षकात ‘पिक्सेल म्हणजे छोटा चौकोन नव्हे’ हे तीनदा बजावून वर कंसात व्हॉक्सेलचंही तसंच असल्याचं सांगितलंय. त्यांचा मुद्दा, ते बिंदूवरचे नमुने आहेत. मग हिशेब असा होतो. ५ मिलिमीटरच्या पहिल्या छेदाचा मध्य शून्यावर धरला, तर त्याची वरची कड उणे २.५ वर आहे. १ मिलिमीटरचे नवे छेद त्या कडेपासून सुरू केले, तर पहिल्याचा मध्य उणे २ वर येतो. हे ज्या प्रोग्रॅमला कळत नाही, तो पहिल्या नव्या छेदाचा मध्यही शून्यावरच ठेवतो, आणि सगळं शरीर मुकाट्याने २ मिलिमीटर सरकतं. चित्रात काहीच वावगं दिसत नाही. पण त्यावरून मेंदूत सुई घालायची असेल, तर दोन मिलिमीटर हे फार मोठं अंतर आहे.

आणखी एक परिणाम क्वचितच लक्षात येतो. प्रत्येक मोजलेल्या आकड्यात थोडी खरखर, म्हणजे नॉइज, असते. सरासरी काढली की ती कमी होते. शेजाऱ्यांची खरखर एकमेकींशी संबंधित नाही असं धरलं, तर दोन आकड्यांच्या मधोमध ती मूळच्या ७१ टक्के उरते, आणि खोक्याच्या अगदी मध्यावर, आठ कोपऱ्यांच्या सरासरीत, ३५ टक्केच. म्हणजे नवा बिंदू जुन्यावर पडला तर चित्र खरखरीत, मधे पडला तर गुळगुळीत. डोकं काही अंशांनी फिरवलेल्या स्कॅनमध्ये यामुळे आलटूनपालटून मऊ आणि खरबरीत पट्टे उमटतात. गाठीचा ‘पोत’ मोजून ती साधी की कर्करोगाची हे ठरवू पाहणाऱ्या संशोधनात हा पोत गाठीचा की इंटरपोलेशनचा, हे आधी तपासावं लागतं.

आता एक कबुली गणिताच्या वतीने. मी आतापर्यंत ‘मोजलेला छेद’ आणि ‘भरलेला छेद’ असा भेद सरळ केला. आजच्या सीटीत तो इतका सरळ नाही. १९८९ च्या सुमाराला जर्मनीत विली कालेंडर आणि इतरांनी स्पायरल सीटी व्यवहारात आणलं. त्याआधी टेबल थांबायचं, एक्स-रेची नळी एक फेरा मारायची, छेद मिळायचा, मग टेबल पुढे. स्पायरलमध्ये नळी फिरत असतानाच टेबल सरकत राहतं, त्यामुळे किरणांचा मार्ग शरीराभोवती मळसूत्रासारखा पडतो. छाती एका श्वासात उरकते. पण मग कोणत्याही एका आडव्या पातळीत पूर्ण फेऱ्याचं मोजमाप उरतच नाही. त्या पातळीत मळसूत्र एका कोनातूनच जातं. बाकी कोनांसाठी पातळीच्या अलीकडचं आणि पलीकडचं मोजमाप घेऊन मधलं इंटरपोलेशनने काढायचं. एका पूर्ण फेऱ्याच्या अंतरावरची मोजमापं जोडली तर छेद जाडसर होतो. समोरासमोरच्या किरणांचा फायदा घेऊन अर्ध्या फेऱ्याच्या अंतरावरची जोडली तर छेद बारीक होतो, पण खरखर वाढते. म्हणजे यंत्रातून बाहेर पडलेला तो ‘मूळ’ आडवा कटसुद्धा आधीच एकदा इंटरपोलेशनमधून गेलेला असतो.

यंत्राला शिकवून रोग शोधणाऱ्या प्रोग्रॅमनाही यातून सुटका नाही. वेगवेगळ्या रुग्णालयांतले स्कॅन वेगवेगळ्या मापांचे असतात. शिकवण्याआधी ते एका जाळीवर आणावे लागतात. हायडेलबर्गच्या जर्मन कर्करोग संशोधन केंद्रातून आलेली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली एनएन-यूनेट ही पद्धत बऱ्याच स्पर्धांत वरचढ ठरली. नव्या प्रकारच्या भपकेबाज रचनेपेक्षा ती असल्या पूर्वतयारीवर अधिक विसंबते: उपलब्ध स्कॅनांतल्या अंतरांचा मध्यक काढून जाळी ठरवायची, आणि छेद फार जाड असतील तर आडव्या दिशेला स्प्लाइन, उभ्या दिशेला मात्र जवळचा शेजारी. जाड छेदांच्या मधे वळणदार रेष ओढण्याचं धाडस ती करत नाही.

ते शहाणपणाचंच आहे. फुप्फुसातली ४ मिलिमीटरची गाठ घ्या. गाठीचा आकडा ४० आणि भोवतालच्या हवेशीर फुप्फुसाचा उणे ८५०. पाच मिलिमीटरच्या एका छेदात ती पूर्ण मावली, तर तिच्या मध्यावरच्या व्हॉक्सेलमध्ये चार भाग गाठ आणि एक भाग फुप्फुस: उणे १३८. दिसेल. पण ती दोन छेदांच्या सीमेवर अर्धी-अर्धी पडली, तर दोन्हीकडे उणे ४९४, एक फिकट धूसर डाग, रक्तवाहिनीचा काप समजून नजर पुढे सरकेल असा. त्या दोन छेदांच्या मधे कितीही छेद घातले, तरी सरळ रेषेने प्रत्येकात उणे ४९४ च येणार. ४० हा आकडा त्या जाड छेदांत कुठेच साठवलेला नाही. नव्या पद्धतींतली कृत्रिम बुद्धिमत्ता तिथे एक रेखीव गाठ काढूनही देईल, कारण तिने तशा हजारो पाहिल्यात. या रुग्णाला ती आहे की नाही, हे तिला त्या आकड्यांवरून कळलेलं नसतं.

आजची यंत्रं मोजमाप करताना बहुतेक वेळा एक मिलिमीटरच्या आसपासच्या किंवा त्याहून बारीक थरांत करतात. ५ मिलिमीटरचे छेद वाचायला आणि साठवायला सोयीचे म्हणून नंतर बनवले जातात. फिल्मवर छापून मिळतात ते बहुधा हेच जाड छेद, आणि बारीक थरांची माहिती काही ठिकाणी थोड्या दिवसांनी जागेअभावी पुसली जाते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल, शस्त्रक्रियेचं नियोजन करायचं असेल किंवा पुढच्या वर्षीच्या स्कॅनशी तुलना करायची असेल, तर फिल्म किंवा मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो उपयोगाचा नाही. तपासणी झाली त्याच आठवड्यात केंद्रावर जाऊन ‘थिन कट्सची डायकॉम सीडी द्या’ असं सांगावं. तंत्रज्ञांना हे शब्द नेमके कळतात.